डावा हात खिशात

रेडिओच्या दुकानात जिंदगी काढलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी साचतातच. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार मी मागच्या दिवाळीत विकून टाकलं, सुनेनं पिच्छाच पुरवला होता. किश्शांना मात्र कोणी भंगारवाला मिळत नाही बुवा! एक काढला की त्याच्या मागून दुसरा निघतो. आणि कुठूनही सुरुवात करा, माझी गाडी फिरून फिरून देवराववरच येते. देवराव आणि अकोल्याची कमल. दोघंही आता नाहीत. पण त्यांची आठवण आली नाही असा दिवस जात नाही माझा, खरं सांगतो.

दुकान अमरावतीला होतं, अंबागेटच्या आत. समोर दुकान, मागं मालकाचं घर. मालक म्हणजे नानाजी मास्तर. लढाईच्या काळात ते पलटणीत वायरलेसवर होते, तिथं हात शिकून आले आणि दुकान टाकलं. बाकावर आम्ही दोघं मेकॅनिक. मी चांदूर रेल्वेचा, शेतीत मन लागत नाही म्हणून पळून आलेला. देवराव बडनेऱ्याचा, रोज सायकलनं यायचा. गोष्ट सत्तावन-अठ्ठावनच्या पुढची. तेव्हा रेडिओ म्हणजे कपाटाएवढी पेटी असायची, आणि चालू केल्यावर बोलायला लागेस्तोवर माणसाचा निम्मा चहा व्हायचा.

*

मास्तर जातपात मानत नसत. त्यांच्या हिशेबानं जगात दोनच प्रकार होते, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह.

रेडिओ उघडून ते आम्हाला शिकवायचे. हा काचेचा वॉल्व्ह, हा ॲक्टिव्ह. एरियलवरून एवढुसा आवाज येतो, तो हा मोठा करतो. पण त्याला बाहेरून सप्लाय लागते. बाकीचे रेझिस्टन्स, कंडेन्सर, कॉईल हे सगळे पॅसिव्ह. ते आवाज मोठा करत नाहीत. रेझिस्टन्स अडवतो आणि तापतो. कंडेन्सर साठवून ठेवतो. पण ते नसले तर एकटा वॉल्व्ह काही कामाचा नाही.

मग हेच शास्त्र ते माणसांना लावायचे. गिऱ्हाईक पायरी उतरलं की मास्तरांचा निकाल तयार. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात रेझिस्टन्स ठरवलं. "आडवा येते अन् गरम होते, बाकी काही करत नाही." देवरावला कंडेन्सर म्हणाले. देवराव नुसता हसला. त्याच्या पोटातलं बाहेर यायला फार वेळ लागायचा, म्हणून ते नाव त्याला बरोबर बसलं.

मी विचारलं, मास्तर, मग तुम्ही? ते म्हणाले, वॉल्व्ह, अजून काय! हे पडद्यामागून मास्तरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी ऐकलं. त्या दिवशी आतून चहा आला नाही, आणि दुपारी ताटही आलं नाही. मास्तर तासभर घोंगावले, मग पडद्याजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "सप्लाय नसली तं वॉल्व्ह म्हंजे नुस्ती काच." लगेच चहा आला.

*

आमच्या दुकानाचा एक कायदा होता. चालू सेटमध्ये हात घालायचा असेल तर उजवाच घालायचा, आणि डावा पँटच्या खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत गेले आणि कुठं चुकून लागले, तर करंट एका हातातून शिरतो आणि काळजातून जाऊन दुसऱ्या हातानं निघतो. मास्तरांच्या पलटणीतला एक दोस्त असाच गेला होता. त्यामुळे ह्या बाबतीत मस्करी चालत नसे. डावा हात बाहेर दिसला की पाठीत धपाटा बसायचा.

धपाटे खाऊन खाऊन ती सवय अंगात मुरली. सेट समोर असो नसो, जरा कुठं जोखमीचं वाटलं की आमचा डावा हात आपोआप खिशात. न्हाव्यानं वस्तरा काढला की खिशात. सायबासमोर उभं राहिलो की खिशात. एका दसऱ्याला मास्तरांनी दुकानाचा फोटो काढायला फोटोग्राफर बोलावला. तो काळ्या कापडातून डोकं काढून बघतो तो काय, आम्ही तिघं ओळीनं उभे आणि तिघांचेही डावे हात खिशात! त्याला वाटलं ही काही मोठ्या लोकांची ऐट असेल. त्यानं स्वतःच्या दुकानात तो फोटो लावला. पुढं वर्षभर अमरावतीतले कितीतरी नवरदेव खिशात हात घालून फोटो काढून घ्यायचे.

तो फोटो माझ्याजवळ आहे अजून. देवराव सगळ्यात बारीक दिसतो त्यात.

*

एक वकील होते, परतवाडा रोडला राहायचे. त्यांचा सेट गुरगुर करू लागला. बुद्धिमान माणूस, त्यांनी आधी बटण बंद केलं, मग पिनही काढली भिंतीतून, आणि बिनघोर मागचं झाकण उघडून बोट घातलं. कंडेन्सरनं असा काही दणका दिला की वकीलसाहेब धोतरासकट दिवाणावर जाऊन बसले.

टांग्यात सेट घालून ते तणतणत दुकानात आले. म्हणाले, बंद केलेली वस्तू शॉक देतेच कशी, हे बेकायदेशीर आहे. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, मग स्क्रू पिळायचा पेचकस कंडेन्सरच्या दोन टोकांवर आडवा टेकवला. ताडकन ठिणगी उडाली. "साहेब, तुमी बंद केलं," मास्तर म्हणाले, "त्यानं कुठं बंद केलं?"

वकील गेल्यावर मी खूप हसलो. देवराव हसला नाही. तो त्या विझलेल्या ठिणगीच्या जागेकडे बघत राहिला. हे पुढं सांगतो त्या अकोल्यानंतरचं, पण त्याच्या आत काय साठून राहिलंय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. नाहीतर मीही हसलो नसतो.

*

आता अकोला. वैशाख पौर्णिमेला बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता, आणि लाउडस्पीकरचं काम आमच्याकडे होतं. मी, मास्तर आणि देवराव सामान घेऊन गेलो. देवरावच्या घरच्यांनीही नुकतीच दीक्षा घेतलेली, त्यामुळे तो नवा पांढरा शर्ट घालून आलेला. ॲम्प्लिफायर त्याच्याकडे होता, कानाला हेडफोन लावून तो मंडपामागं बसला होता.

पुढारी बोलून गेले, तोवर आमचा भोंगा नुसता शिट्ट्या मारत होता. मग एक पोरगी बोलायला उभी राहिली. शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच लागलेली. तिनं भाषण सुरू करायच्या आधी माईकमध्येच म्हटलं, "मशीनवाले भाऊ, आवाज थोडा कमी करा जी. लोकायले मी ऐकू आली पायजे, शिट्टी नाही." मंडप हसला. देवरावनं बटण असं फिरवलं की पुढं शेवटपर्यंत शिट्टी झाली नाही. मुलींना शाळेत घाला, एवढंच ती सांगत होती, पण तिचा आवाज असा होता की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही माना डोलवत होत्या.

ती कमल. कापसाची सरकी काढायच्या जिनात फिटर असलेल्या तुळशीरामजींची मुलगी.

कार्यक्रम संपला. आम्ही भोंगे उतरवले, तारा गुंडाळल्या, माईक पेटीत घातला. देवराव मात्र हेडफोन लावून तिथंच बसलेला, डोळे मिटून. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता काय आयकून राहिला बे? माईक तं पेटीत गेला."

*

मास्तरांनीच मध्यस्थ शोधला. आमच्या तिघांत ती कुवत फक्त त्यांचीच होती. निरोप गेले, निरोप आले, आणि एका रविवारी आम्ही देवरावला घेऊन अकोल्याला मुलगी बघायला गेलो.

देवरावची अवस्था काय सांगू! तिथं खाटेवर बसवलं, पोहे आले, कमल आली, समोर बसली. आता यापेक्षा जोखमीची जागा माणसाच्या आयुष्यात कोणती? देवरावचा डावा हात आपोआप खिशात गेला तो गेलाच. पोहे त्यानं एका हातानं खाल्ले. बशी मांडीवर ठेवून एका हातानं चहा घेतला. निघताना सगळ्यांना दोन्ही हात जोडायचे, तर यानं नुसतं वाकून एक हात छातीला लावला. आणि आमच्या नजरेला त्यात काही वावगं दिसलंच नाही! दिसणार कसं, आम्हाला तर रोजच तसं बघायची सवय.

जिन्यापर्यंत आल्यावर मागं वळून पाहिलं तर कमल दारात उभी होती, आणि ती देवरावकडेच बघत होती. मला वाटलं, जमलं.

आठ-पंधरा दिवसांनी मध्यस्थ दुकानात आला आणि म्हणाला, पाहुणे म्हणतात जमत नाही. का, ते त्यालाही सांगितलं नव्हतं. मास्तर चिडले, जाऊन विचारतो म्हणाले. देवरावनं त्यांना जाऊ दिलं नाही. त्याच्या मनानं कारण ठरवून टाकलं होतं. मुलगी सरकारी शाळेत मास्तरीण, आणि आपण दुसऱ्याच्या दुकानात बाकावर बसणारे. "नाई म्हंतलं म्हंजे नाई," तो म्हणाला, आणि समोरच्या सेटमध्ये उजवा हात घातला.

*

पुढची वर्षं अशीच गेली. पण अकोल्याहून सेट आला की देवराव दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. एकदा अकोल्याच्या एका व्यापाऱ्याचा रेडिओ आला, फक्त फ्यूज गेलेला. देवरावनं तो आठवडाभर ठेवून घेतला. आतली धूळ पुसली, जाळीचं कापड बदललं, काटा सरळ केला. व्यापारी न्यायला आला तर त्याला स्वतःचा रेडिओ ओळखू येईना. तो म्हणाला, अमरावतीचे लोक फार चोख काम करतात. मी म्हटलं, अमरावतीचे नाही हो, एकच.

घरचे लग्नासाठी मागं लागायचे. देवराव बघू म्हणायचा आणि बघायला जायचा नाही. मला राग यायचा. मी सरळ म्हणायचो, लेका, त्या पोरीचं लग्न होऊन तिला लेकरं झाली असतील, काहून झुरून राहिला? तो म्हणायचा, झालं असंल तं चांगलंच हाय न. आणि पुन्हा कामाला लागायचा. माझं लग्न झालं होतं, घरी गेलं की कोणीतरी दार उघडत होतं. हा माणूस बडनेऱ्याच्या अंधारात सायकल मारत एकटा जायचा.

मधल्या काळात ट्रान्झिस्टर आले. हातात मावणारा डबा, बटण दाबलं की लगेच बोलतो. गिऱ्हाईक खूश, मास्तर मात्र नाराज. त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर उघडून पाहिला, आतला तो मसुरीएवढा तुकडा नखावर घेतला आणि म्हणाले, हाही ॲक्टिव्हच, मान्य आहे. पण ज्याला तापायला वेळच लागत नाही, त्याच्यावर भरोसा कसा ठेवायचा? मला आता वाटतं, ते देवरावकडे बघूनच म्हणाले होते.

*

मग माझी आणि तुळशीरामजींची गाठ पडली.

अकोल्याच्या एका जिनात हापिसातला रेडिओ बिघडला होता, तो जागेवरच दुरुस्त करायचा होता. मी गेलो. काम चाललं असताना एक म्हातारा फिटर येऊन शेजारी उभा राहिला. मी ओळखलं, पण काम चालूच ठेवलं. बराच वेळ तो माझं काम बघत होता. मग हळूच म्हणाला, "तुमच्या त्या देवरावचा हात कसा हाय आता?"

मी विचारलं, कोणता हात?

"डावा. गेलेला."

मला काही कळेना. म्हातारा खाली बसला आणि सांगू लागला. जिनात कापूस सारताना कोणाचा हात रोलरमध्ये जातो. त्यानं उभ्या जन्मात असे कितीतरी पाहिले होते. ती माणसं पुढं तो हात नेहमी खिशात ठेवतात, जेवताना, चहा पिताना, रामराम करताना सुद्धा. देवरावला पाहिलं तेव्हाच आपण समजलो, करंटनं हात गेलेला दिसतो. बापाचा जीव, मुलीला जन्मभर एकहाती माणसाच्या घरी कसं द्यायचं? म्हणून नाही म्हटलं.

मला हसू आलं. मी त्याला सगळा कायदा समजावून सांगितला. उजवा हात आत, डावा खिशात, करंट काळजातून जातो, सगळं. आणि हे सांगत असताना माझाही डावा हात खिशातच होता. म्हाताऱ्यानं तो मनगटाला धरून बाहेर ओढला, उलटसुलट करून पाहिला, बोटं मोजली. त्याचे डोळे भरून आले होते.

मी म्हटलं, अहो, पण एका शब्दानं विचारायचं तरी!

तो म्हणाला, "पोरगी तेच म्हने. बाबा, इचारा तरी त्याह्यले. पन ज्याचा हात गेला त्याले हाताचं इचारत नसतेत, बाप्पा. आमच्या जिनात कोनी इचारत नाही."

निघताना त्यानं न विचारता सांगितलं. कमल आता मेळघाटात, सेमाडोहच्या शाळेत आहे. स्वतः मागून घेतली बदली. चांगली स्थळं आली होती, तिनं कोणालाच हो म्हटलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी देवरावला सांगितलं. तो चालू सेटवर बसला होता. त्यानं आधी बटण बंद केलं, पिन काढली, कंडेन्सरवर पेचकस टेकवून ठिणगी काढली. मग डावा हात खिशातून काढून समोर धरला आणि बघत बसला. मी वाट बघतोय की आता हसेल, आता शिव्या देईल, आता रडेल. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "ते म्हने का, इचारा म्हनून?"

मी म्हटलं, हो, कमलच म्हणत होती. त्यानं तोंड फिरवलं.

मास्तर पडद्याजवळ उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले की कंडेन्सर आपल्या मनानं कधी मोकळा होत नाही, त्याला कोणीतरी रस्ता द्यावा लागतो. मग फळीवरचा बॅटरीवर चालणारा सेट काढून त्यांनी देवरावसमोर ठेवला. सेमाडोहला वीज नाही, शाळेत लेकरांना रेडिओ ऐकवायला हा देऊन ये म्हणाले. तुळशीरामजींना निरोप मी धाडला.

*

परतवाड्याहून आम्ही तिघं बसमध्ये बसलो. मी, देवराव आणि तुळशीरामजी. देवरावच्या मांडीवर सेट, तो त्यानं दोन्ही हातांनी धरलेला. घाट लागला, वळणावळणावर माणसं एकमेकांवर पडत होती, सागाची पानं खिडकीतून आत येत होती, पण तुळशीरामजींची नजर त्या डाव्या हातावरून हलली नाही. मधे एकदा त्यांनी सुपारी दिली, ती मुद्दाम डाव्या बाजूनं दिली. देवरावनं डाव्या हातानं घेतली. म्हाताऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला.

सेमाडोहला उतरलो. शाळा म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. लेकरं घरी गेली होती. कमल पाणी भरून आणत होती, कमरेवर पितळी कळशी. आम्हाला पाहून ती अंगणातच थांबली. तिला वडील येणार एवढंच माहीत होतं. वर्षं गेली होती, तीही बारीक झाली होती, कानाजवळ एखादा पांढरा केस दिसत होता. देवरावकडे तिनं पाहिलं आणि बघतच राहिली.

देवरावनं सेट ओट्यावर ठेवला. हात मोकळे झाले. आणि काय सांगू तुम्हाला, तिथं ना वीज ना तार, सेटवरचं फडकंही सोडलेलं नव्हतं, तरी त्याचा डावा हात हळूहळू खिशात गेला!

तुळशीरामजींनी कपाळावर हात मारला. मीही डोळे मिटून घेतले.

कमल दोन पावलं पुढं आली. "इचारू काय एक?" ती म्हणाली. "हात काहून खिशात ठेवता जी?"

देवरावनं आधी आपल्या खिशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तो बोलला.

"दोन्ही हात लावले तं करंट काळजातून जाते."

"गेलं तं जाऊ द्या," ती म्हणाली, आणि भरलेली कळशी त्याच्यापुढं धरली. दोन्ही हातांशिवाय घेता येणार नाही अशी जड होती ती.